आमच्या मंडळीतल्या बाई आणि बापाच्या नावाचा रकाना

हिरण्यकेशी

सर्वांना नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक बाई वयाच्या ७८ व्या वर्षी वारल्या. हुक्केरी तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत त्यांनी ३१ वर्षे शिकवले, त्यामुळे ख्रिस्ती असोत वा नसोत, सारा गाव त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत असे. त्यांचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण ज्या स्त्रियांसाठी त्या आयुष्यभर झटल्या त्यांची ओळख त्या नावावरून आमच्या भागात सहज लागेल.

रविवारची उपासना त्यांनी क्वचितच चुकवली असेल. खिडकीलगतच्या तिसऱ्या बाकावर त्या बसत. शेजारी खाकी कापडी पिशवी असे आणि तिच्यात पवित्र शास्त्र, गीतांचे पुस्तक आणि अर्जांच्या नकला एकत्र असत. आमच्याकडे उपासनेत सभासदांनी मोठ्याने प्रार्थना करण्याची वेळ असते. बाकीचे लोक आजारी नातेवाइकांसाठी, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी प्रार्थना करीत. बाई तालुका कचेरीतल्या साहेबांसाठी आणि त्यांच्या टेबलावर सहा महिने पडून असलेल्या अर्जासाठी प्रार्थना करीत. लहानपणी मला ते विचित्र वाटे. देवाला कागदपत्रांचे काय सांगायचे, असे मी आईला विचारलेही होते.

हे काम सुरू कसे झाले ते आईकडूनच ऐकलेले सांगतो. १९८० च्या सुमारास जून महिन्यात एक जोगतीण, म्हणजे यल्लम्मा देवीला सोडलेली स्त्री, आपल्या सहा वर्षांच्या मुलीला शाळेत घालायला घेऊन आली. नाव झाले, जन्मतारीख अंदाजाने झाली आणि बापाच्या नावाच्या रकान्यापाशी लेखणी थांबली. ती स्त्री म्हणाली, “लिवा, यल्लम्मा.” असे लिहिता येत नाही, खरे नाव घेऊन या, असे सांगून दोघींना परत पाठवण्यात आले. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. तिसऱ्या दिवशी बाईंनी त्या मुलीला हाताला धरून आपल्या वर्गात नेऊन बसवले आणि शिक्षण खात्याला पत्र लिहिले. ऑगस्टपर्यंत ती मुलगी हजेरीपटावर नाव नसताना वर्गात बसत होती. रोज हजेरी घेताना शेवटी बाई तिचे नाव तोंडी घेत आणि ती ‘हजर’ म्हणे. अखेर आईच्या नावावर तिचा दाखला झाला.

सौंदत्तीचे यल्लम्माचे देऊळ आमच्याच बेळगाव जिल्ह्यात आहे आणि मुलींना देवाला सोडण्याची चाल या पट्ट्यात किती खोल गेली होती हे येथील वाचकांना सांगायला नको. मुंबई इलाख्याचा देवदासी संरक्षण कायदा १९३४ चा आहे, आणि त्या वेळी बेळगाव त्याच इलाख्यात होते. कर्नाटकाचा कायदा १९८२ चा असून तो १९८४ पासून अमलात आला. कायदा होताच बंदी झाली, पण गुन्हेगार म्हणून आईबापच पुढे येत असल्यामुळे कोणती मुलगी त्यांच्याविरुद्ध साक्ष देणार? त्यापुढची अडचण गणनेची होती. १९९३-९४ च्या पाहणीत राज्यात २२,८७३ देवदासींची नोंद झाली, २००७-०८ च्या पाहणीत आणखी २३,७८७ नावे जोडली गेली, आणि निवृत्तिवेतन, घर, कर्ज या सगळ्याची वाट याच याद्यांमधून जाते. पाहणीच्या वेळी जी स्त्री कामासाठी सांगलीला किंवा मुंबईला होती, किंवा शिक्षेच्या भीतीने जिने तोंडच उघडले नाही, तिचे नाव यादीत नाही. यादीत नाव नाही म्हणून ती देवदासी नाही, असे तिला कचेरीत ऐकावे लागते आणि गावात मात्र तिला दुसरी कोणतीच ओळख नसते.

अशा स्त्रियांचे अर्ज घेऊन बाई आयुष्यभर कचेऱ्यांच्या पायऱ्या चढल्या. त्यांच्या पवित्र शास्त्रात लूकच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय मी परवा उघडून पाहिला. अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाऊन ‘माझा न्याय करा’ म्हणणाऱ्या विधवेचा दाखला त्या अध्यायात आहे. त्या पानाच्या दोन्ही समासांत बारीक पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या आहेत आणि त्या सगळ्या कचेरीत गेल्याच्या तारखा आहेत. समास संपल्यावर त्यांनी ओळींच्या मधल्या जागेतही तारखा लिहिल्या आहेत.

त्यांची पिशवी त्यांच्या भाचीने माझ्याकडे दिली आहे. तिच्यात १७ अर्ज अपुरे आहेत. मी स्वतः या कामात कधी नव्हतो, मी फक्त त्याच चर्चमध्ये पाठीमागच्या बाकावर बसणारा माणूस आहे. हे काम पुढे कसे न्यावे हे ज्यांना कळते त्यांनी सांगावे, म्हणून हा धागा काढला आहे.

शहापूर पेठ

बाईंना माझी श्रद्धांजली. आपल्या मातीत अशी परंपरा आधीपासून आहे हे या निमित्ताने नोंदवावेसे वाटते. लंडन मिशनरी सोसायटीचे लोक १८२० मध्ये बेळगावात आले आणि त्यांनी काढलेल्या शाळेत बाबा पदमनजी शिकले. त्यांचा जन्म १८३१ चा, याच बेळगावातला, आणि १८५४ मध्ये त्यांचा बाप्तिस्माही येथेच झाला. पुढे तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख सगळेच करतात, पण ती विधवांच्या हालांविषयी लिहिलेली आहे हे मात्र फारसे सांगितले जात नाही. चर्चमध्ये जाणारा माणूस आपल्या समाजातल्या स्त्रियांचे दुःख पाहून गप्प बसू शकला नाही, ही ओळ बेळगावातून निघून पुण्या-केडगावच्या पंडिता रमाबाईंपर्यंत जाते. आपल्या बाई त्याच ओळीतल्या होत्या असे मला वाटते.

कृष्णाकाठ

बाईंच्या कष्टांविषयी आदर बाळगूनच लिहितो. आमच्या घरी यल्लम्माचे कुळ आहे आणि माघ पौर्णिमेला आम्ही डोंगरावर जातो. देवीची भक्ती आणि देवदासीची चाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुली सोडण्याच्या चालीला आमचाही विरोधच आहे. परंतु जट, म्हणजे देवीची खूण मानलेला केसांचा गुंता, कापण्याच्या मोहिमांमध्ये अनेकदा बाहेरून आलेले लोक बायकांच्या श्रद्धेची हेटाळणी करतात असे मी पाहिले आहे. शिवाय एक ख्रिस्ती बाई हे काम करते म्हटल्यावर त्यामागे धर्मांतराचा हेतू असावा, अशी शंका गावात येतेच. या दोन्ही बाबींत बाईंची भूमिका काय होती हे जाणून घ्यायला आवडेल.

हिरण्यकेशी

कृष्णाकाठ, आपण सरळपणे विचारलेत याबद्दल आभारी आहे, आणि उत्तर थोडे लांब होईल.

जट सोडवताना मी एकदा प्रत्यक्ष हजर होतो. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि पाणी तापवून देण्यासाठी बाईंनी मला नेले होते. त्या स्त्रीची जट कमरेपर्यंत आली होती, दोरखंडासारखी जाड झाली होती आणि तिच्यात वर्षानुवर्षांचा भंडारा, कुंकू आणि तेल बसले होते. तिला मान सरळ करता येत नव्हती आणि डोक्यात जखमा झाल्या होत्या. कापायचे तिने स्वतःच ठरवले होते, पण कात्री पाहताच ती थरथरू लागली आणि म्हणाली, “माझ्या डोईवरची आई गेली तर माझं कोण हाय वो बाई?” बाईंनी कात्री खाली ठेवली. त्या म्हणाल्या, “आई डोक्यावरनं उतरून परडीत बसंल. तू तिला विचार, घाई न्हाई.” मग त्या स्त्रीने परडी पुढे घेतली, देवीचे गाणे म्हटले, आणि गाणे संपेपर्यंत बाई डोळे मिटून तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहिल्या. त्यानंतर कापण्याचे काम सुमारे दीड तास चालले. मध्ये मध्ये खोबरेल तेल सोडायचे, बोटाने कातडी चाचपायची आणि मग एक एक पेड कापायचा. सगळे झाल्यावर जट परडीत ठेवली आणि तिने स्वतः ती नदीत सोडली. जट काढली की रक्त ओकून मरण येते असे तिला लहानपणापासून सांगण्यात आले होते, म्हणून बाई पुढच्या तीन रात्री तिच्या घरी झोपल्या. तिची हेटाळणी करणारा एकही शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

धर्मांतराविषयी सांगायचे तर बाईंनी एकाही स्त्रीला बाप्तिस्म्याविषयी विचारले नाही, आणि त्यामागे विचारपूर्वक ठरवलेले कारण होते. या स्त्रिया बहुतेक अनुसूचित जातींतल्या आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, पण ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो आजही मिळत नाही. बाईंच्या आजोबांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला, तरी त्यांच्या घराण्याची वस्ती, विहीर आणि गावाची वागणूक तीच राहिली, मात्र सवलत गेली. जी स्त्री आधीच सगळे गमावून बसली आहे तिच्या हातातला शेवटचा कागद आपल्या प्रार्थनेमुळे जाऊ नये, असे त्या म्हणत. त्या आदेशाविरुद्धही त्यांचा लढा होता. दर १० ऑगस्टला दलित ख्रिस्ती लोक काळा दिवस पाळतात, त्या दिवशी त्या शाळेत काळी फीत लावून जात आणि मुलांनी विचारले तर संविधान उघडून समजावून सांगत. २०२२ मध्ये याच प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला तेव्हा त्यांनी चार पानी निवेदन तयार केले होते. त्याची नकल पिशवीत आहे.

विडीकामगाराची लेक

हा धागा वाचून आईला वाचून दाखवला आणि ती रडू लागली. या बाई आमच्या निपाणीतल्या घरी येत असत. आई रोज एक हजार विड्या वळायची, म्हणजे पंचवीसचे चाळीस कट्टे. संध्याकाळी कंत्राटदाराचा माणूस मूठ मूठ विड्या वाईट म्हणून बाजूला काढायचा, त्यांची मजुरी द्यायची नाही आणि त्या विड्या मात्र घेऊन जायचा. आईला लिहिता येत नव्हते. बाईंनी तिला दोन मडकी दिली आणि दहा विड्या बाजूला काढल्या की एक चिंचोका दुसऱ्या मडक्यात टाकायला सांगितले. महिन्याच्या शेवटी गल्लीतल्या अकरा बायकांची मडकी एकत्र ओतून बाईंनी मोजणी केली, ती कागदावर उतरवली आणि कामगार खात्यात दिली. विडी कामगारांचा कायदा १९६६ चा आणि कल्याण निधीचा कायदा १९७६ चा, ही वर्षे मला शाळेत जाण्याआधी पाठ होती, कारण त्या आमच्या ओट्यावर बसून ती मोठ्याने सांगत. ओळखपत्र मिळाल्यामुळे मला शिष्यवृत्ती मिळाली आणि आज मी नर्स आहे.

त्या आमच्याकडे फक्त एकदाच शास्त्रातले काही बोलल्या. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असे याकोबाच्या पत्रात आहे, हे त्यांनी सांगितले. आईला ते आवडले होते. मजुरी ओरडते हे तिला अगदी पटले.

मलप्रभेचा वाचक

शहापूर पेठ यांनी दिलेली परंपरा खरी आहे, पण तेवढीच सांगितली तर चित्र अपुरे राहते. १९२० मध्ये माणगावची परिषद आपल्या शेजारच्या कागल संस्थानात झाली, आणि १९२५ मध्ये निपाणीला बहिष्कृत वर्गाची परिषद झाली तेव्हा डॉ. आंबेडकर तेथे आले होते. देवदासींची परिषद १९७५ मध्ये गडहिंग्लजला भरली ती डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. पुढे १९९७ मध्ये घटप्रभेला ‘मास’ ही संस्था उभी राहिली आणि तिथे तर पूर्वाश्रमीच्या देवदासी स्वतःच कारभार पाहतात. त्यांतल्या सीतव्वा जोडट्टी यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. बाईंचे काम या सगळ्यांच्या बरोबरीने चालले असणार. त्यांनी एकटीने केले असे चित्र उभे राहिले तर ते त्यांनाच आवडले नसते असे वाटते.

आणखी एक विचारतो, आणि त्यात कोणाला दुखवण्याचा हेतू नाही. मंडळीने त्यांना साथ दिली का?

शहापूर पेठ

मलप्रभेचा वाचक, आपली दुरुस्ती मान्य आहे. निपाणीच्या परिषदेचा उल्लेख मी करायलाच हवा होता.

हिरण्यकेशी

मलप्रभेचा वाचक, आपला प्रश्न वाचून दोन दिवस उत्तर लिहिणे जमले नाही.

साथ दिली नाही. एका नाताळाला बाई जेवणासाठी अकरा स्त्रियांना घेऊन आल्या. वडीलजनांपैकी दोघांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितले की या बायका आत बसल्या तर मंडळीची बदनामी होईल, आणि त्या स्त्रियांची ताटे अंगणात पाठवण्यात आली. बाईंनी आपले ताट उचलले आणि त्या अंगणात जाऊन त्यांच्या पंगतीला बसल्या. पुढच्या वर्षी महिला मंडळाच्या निवडीत त्यांचे नाव वगळले गेले. जे शास्त्र आम्ही दर रविवारी वाचतो, त्यातल्या आमोस संदेष्ट्याने सणांचा गोंगाट नको, न्याय वाहू द्या, असे जे म्हटले आहे ते आमच्या अंगणातच आमच्यासमोर बसून जेवत होते, आणि ते आम्हाला दिसले नाही. आम्ही स्वतः गावकुसाबाहेरून आलेल्या लोकांची नातवंडे आहोत, म्हणून ही गोष्ट लिहिताना मला अधिक लाज वाटते.

तरीही पुढच्या रविवारी बाई त्याच बाकावर होत्या. दुसऱ्या मंडळीत का जात नाही, असे मी पुष्कळ वर्षांनी त्यांना विचारले होते. त्या म्हणाल्या, “ज्यांच्याशी भांडायचं त्यांच्याबरोबरच बसून प्रार्थना करायची. नाहीतर मी त्यांना शत्रू समजायला लागेन.”

प्रेतविधीच्या दिवशी मी दाराशी उभा राहून गीतांचे कागद वाटत होतो. समोरच्या चिंचेखाली चाळीसेक स्त्रिया उभ्या होत्या. आत यायचे की नाही हे त्यांना माहीत नव्हते, आणि मला ते दिसत असूनही मी त्यांना ‘आत या’ म्हटले नाही. आत सगळे जण बाईंच्या सेवेविषयी फार सुंदर बोलले. मूठमातीच्या वेळी त्या स्त्रिया पुढे आल्या आणि एकेकीने माती टाकली. त्यांच्यात सत्तरीच्या एक बाई होत्या आणि त्यांचा हात धरून पन्नाशीच्या आसपासची एक स्त्री होती. ती खड्ड्याच्या कडेला वाकून हळूच ‘हजर’ म्हणाली. ती कोण हे मला घरी पोहोचल्यावर उमगले.

आता मंडळीत बाईंच्या नावाची संगमरवरी पाटी बसवण्याचा विषय आला आहे. त्या पैशांतून अर्जांच्या नकला आणि कचेरीत येणाऱ्या स्त्रियांचे एसटी भाडे द्यावे, असा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार आहे.

कृष्णाकाठ

माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि त्याहून अधिक मिळाले. माघ पौर्णिमेला आमच्या घरची मंडळी डोंगरावर जाते तेव्हा यादीत नाव नसलेल्या स्त्रिया तिथे भेटतातच. त्यांची नावे लिहून आणण्याचे काम मी करीन.

टिळकवाडीकर

मी बेळगावात वकिली करतो, म्हणून केवळ कामापुरते लिहितो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, तेव्हा या सतराही जणींचा अर्ज जिल्हा प्राधिकरणाकडे करता येईल. जे अर्ज पडून आहेत त्यांचे काय झाले हे माहिती अधिकारात विचारा, तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. कर्नाटकाच्या २०११ च्या ‘सकाल’ कायद्यात येणाऱ्या सेवांना ठरावीक मुदत असते, म्हणून जातीच्या दाखल्यासारखे अर्ज देताना पोचपावतीवरचा क्रमांक न घेता परत येऊ नका. मुलांच्या कागदपत्रांत बापाच्या नावाचा आग्रह धरला गेला, तर अविवाहित आईला बापाचे नाव सांगण्याची सक्ती न करता पालकत्व देणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल आहे. त्याची प्रत मी देईन.

आपल्या भागात खरी अडचण भाषेची होते. मराठीत लिहिलेला अर्ज टेबलावरून परत येतो आणि या स्त्रियांना कन्नड बोलता आले तरी लिहिता येत नाही. सीमेविषयी आपली मते काहीही असोत, या सतरा अर्जांसाठी ते कन्नडमध्ये स्वच्छ लिहिणारा माणूस हवा.

खानापूरची सून

माझे माहेर धारवाडचे आणि शिक्षण कन्नडमध्ये झाले आहे. कागद स्कॅन करून पाठवलेत तर रोज रात्री दोन अर्ज लिहून देईन. नावे बाहेर जाणार नाहीत याची खात्री बाळगावी.

विडीकामगाराची लेक

सोमवारी माझी सुटी आहे. आईही येते म्हणते आहे.

हिरण्यकेशी

सोमवारचा वृत्तान्त देतो. आम्ही पाच जण कचेरीत गेलो. खानापूरच्या ताईंनी लिहून दिलेले चार अर्ज बरोबर होते. निपाणीच्या आईंनी बाईंची खाकी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि अडीच तास ती खाली ठेवली नाही. साहेब बैठकीला बेळगावला गेले होते. दोन अर्जांची पोच मिळाली, बाकीच्या दोघींना रहिवासाचा पुरावा घेऊन गुरुवारी यायला सांगितले आहे. टिळकवाडीकरांनी सांगितल्याप्रमाणे पोचेवरचे क्रमांक लिहून घेतले आहेत.

परत आल्यावर मी बाईंचे शास्त्र उघडले आणि लूकच्या १८ व्या अध्यायाच्या पानावर, तळाशी जेमतेम उरलेल्या जागेत, पेन्सिलीने सोमवारची तारीख लिहिली. गुरुवारी सकाळी साडेदहाला कचेरीच्या दाराशी भेटायचे आहे. संकेश्वरहून येणाऱ्यांसाठी नऊची गाडी सोयीची पडेल.